शुगर आणि पाय: जखम भरत नसेल तर आधी चप्पल बघा

रानजाई
८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

दादांच्या (माझ्या वडिलांच्या) पायाची जखम गेल्या महिन्यात पूर्ण भरली. ऑगस्टपासून आम्ही जे पाहिलं ते एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं होतं, आज बसले. ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

दादा ६४ वर्षांचे. १४ वर्षं मधुमेह. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आणि थोडा ऊस. गोळ्या वेळेवर घेतात, चहा बिनसाखरेचा. पाय बधिर झालेत हे मात्र आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. अधूनमधून 'पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं' म्हणायचे, ते आम्ही वयावर घातलं.

श्रावणात एका सकाळी आईने घर पुसलं. फरशी सुकल्यावर दादा परसातून आत आले, आणि शहाबादी फरशीवर उंबऱ्यापासून देवघरापर्यंत एकाआड एक पावलाला ओलसर डाग उमटले. आईला आधी वाटलं, पाय धुऊन आले असतील. पण डाग एकाच पायाचे होते आणि त्यांना वास होता. तिने दादांना खुर्चीत बसवून तळवा बघितला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या आणि जाड. दादा म्हणाले, "मला तर काहीच दुखत नाही." हे ऐकून आम्हाला हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच आम्हाला महागात पडलं.

पुढचे सात आठवडे दिवसाआड ड्रेसिंग. तीनदा अँटिबायोटिक बदललं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं ड्रेसिंग मनापासून करत होती. पण दादा त्याच पायाने गाडीला किक मारून ड्रेसिंगला जायचे, तिथून बागेत, आणि संध्याकाळी पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून उसाला पाणी द्यायला. 'या पायावर उभे राहू नका' असं त्यांना कुणी सांगितलं नाही. एक्सरे काढला नाही. ऑक्टोबरात उपाशीपोटीची शुगर १४० वरून २९० वर गेली. जेवणात काहीही बदल नव्हता. ताप नाही, दुखणं नाही.

मी त्यांना पुण्याला आणलं, मधुमेही पायांच्या ओपीडीत. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडायच्या आधी विचारलं, "रोजची चप्पल आणलीत का?" तीच तर पायात होती. त्यांनी उजवी स्लीपर हातात घेतली, वरच्या बाजूने बोटं हळूहळू फिरवली आणि एका जागी थांबले. माझं बोट धरून तिथे टेकवलं. बाभळीच्या काट्याचं टोक. तळातून आरपार आलेलं, वर तांदळाच्या कणीएवढंच. बरोब्बर जखमेखाली. सात आठवडे आम्ही जखम धूत होतो, आणि दादा दर पावलाला तोच काटा पुन्हा टोचून घेत होते.

पुढचं थोडक्यात. जखमेत बारीक सळई घातली तर ती हाडाला लागली. एक्सरेत हाड कुरतडल्यासारखं दिसलं, म्हणजे संसर्ग हाडात गेला होता. ऑपरेशन करून हाडाचा तुकडा काढला, तोच तपासायला पाठवला आणि रिपोर्टप्रमाणे ६ आठवडे अँटिबायोटिक दिलं. पायाचा रक्तपुरवठा चांगला होता हे नशीब. जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं, दर आठवड्याला बदलायचे. ११ आठवड्यांत जखम भरली. अंगठा वाचला.

आता माझे प्रश्न: पुन्हा होऊ नये म्हणून घरी रोज काय काय करायचं? चप्पल कुठली घ्यायची? आणि सगळ्यात अवघड म्हणजे दादा १८ वर्षं वारीला अनवाणी चालतात. जूनमध्ये पालखी निघेल. त्यांना काय सांगू?

---

कृष्णाकाठ
८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

काट्याचं वाचून अंगावर शहारा आला. आमच्याकडं काटा मोडला की अजून रुईचा चीक लावतात, नाहीतर सुईनं बिब्बा तापवून चटका देतात. माझ्या चुलत्याला शुगर होती. बिब्बा घातला, त्यांना कळलंच नाही किती भाजतंय ते. साध्या माणसानं पाय ओढून घेतला असता. ह्यांनी शांतपणे घालून घेतला. आठ दिवसांत पाय घोट्यापर्यंत सुजला, शेवटी दोन बोटं काढावी लागली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे. त्यांचा हेतू चांगलाच असतो.

---

डॉ. निशिगंध
९ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

रानजाई, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी सर्जन आहे आणि आठवड्यातले दोन दिवस असेच पाय बघण्यात जातात. इथे लिहिलेलं समजून घेण्यासाठी आहे, ज्याचा त्याचा पाय प्रत्यक्ष दाखवायलाच हवा.

दादांच्या पायात तीन गोष्टी एकत्र आल्या. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या लांब नसा आधी खराब होतात. त्यामुळे संवेदना जाते. घाम आणणाऱ्या नसाही जातात, म्हणून कातडी कोरडी पडून भेगा पडतात. आणि बोटांचे छोटे स्नायू दुबळे झाले की बोटं वाकडी होतात, भार तळव्याच्या ठरावीक हाडांवर येतो. तिथे घट्टा धरतो. घट्टा म्हणजे पायात आतून घातलेला खडाच. त्याच्याखाली मांस चेचतं, रक्त साकळतं आणि एक दिवस कातडी फाटते. जंतू येतात ते त्यानंतर.

हे आपल्याकडेच नीट समजलं गेलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं 'झडतात' असा समज होता. त्यांनी दाखवून दिलं की मांस आपोआप सडत नाही. दुखत नाही म्हणून त्या हातापायांना रोज इजा होते, रुग्ण त्याच जखमेवर चालत राहतो आणि मग संसर्ग होतो. रात्रीत बोटाचा तुकडा नाहीसा व्हायचा त्याचं कारण शोधलं तर उंदीर निघाले, आणि मग रुग्णांना मांजरी पाळायला दिल्या. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात काम करताना त्यांनी हेच मधुमेहाच्या पायाला लावलं. दादांना घातलेलं प्लास्टर त्याच वाटेने आलं आहे. त्याने जखमेवरचा भार सगळ्या पायावर आणि पोटरीवर वाटला जातो. मुख्य म्हणजे ते रुग्णाला काढता येत नाही! काढता येणारा बूट दिला की लोक घरात काढून ठेवतात, आणि बाथरूमपर्यंतची चार पावलं अनवाणी टाकतात. जखमेला तेवढी पुरतात.

उंदरांचं आजही खरं आहे. जमिनीवर झोपणारे, पाय बधिर असलेले मधुमेही सकाळी उठतात आणि अंगठ्याला चावा घेतलेला दिसतो. दर पावसाळ्यात मी असे पाय बघतो. खाट, मच्छरदाणी, झोपण्यापूर्वी पायाला लागलेलं जेवण-तेल पुसणं, एवढ्याने ते टळतं.

आता संसर्ग ओळखायचा कसा. लाली, गरमपणा, सूज, दुखणं, पू, यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर संसर्ग आहे असं धरतो. बधिर पायात दुखणं गळून पडतं, त्यामुळे बाकीच्यांकडे डोळ्यांनीच बघावं लागतं. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या पुढे गेली, वास यायला लागला, बोट काळंनिळं दिसलं, थंडी वाजून ताप आला, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी ॲडमिट होण्याच्या तयारीने जा. आणि तुम्ही लिहिलेलं लाख मोलाचं आहे: कारण नसताना शुगर चढली की पाय बघायचे. कित्येकदा तेवढी एकच खूण असते. ताप येईलच असं नाही.

दुपारनंतर उरलेलं लिहितो.

---

पळसफूल
९ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

डॉक्टर, एक विचारायचं होतं. आमच्या ह्यांना बाइकच्या सायलेन्सरचा चटका बसला, घोट्याच्या वर. कळलंच नाही, पँट चिकटली तेव्हा बघितलं. आता जखम लाल-गुलाबी आहे, पू नाही, सूज नाही. केमिस्टकडून मागच्या वेळचीच अँटिबायोटिक आणून पाच दिवस दिली. चालू ठेवू का?

---

डॉ. निशिगंध
९ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

पळसफूल, स्वतःहून औषध चालूही ठेवू नका आणि जखम न दाखवता घरीही बसू नका. आज-उद्या दाखवा. मधुमेहीच्या पायावरचा भाजल्याचा डाग वरून दिसतो त्यापेक्षा खोल असू शकतो.

अँटिबायोटिकबद्दल सगळ्यांसाठीच सांगतो. ते संसर्गाचं औषध आहे, जखम भरण्याचं नाही. स्वच्छ, संसर्ग नसलेल्या जखमेला त्याचा उपयोग नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि खरी गरज पडते तेव्हा गोळ्या चालत नाहीत, सलाइनमधून महागडी औषधं द्यावी लागतात. संसर्ग असेल तर जखम साफ करून आतल्या भागाचा तुकडा कल्चरला (कुठले जंतू आहेत ते तपासायला) पाठवावा. वरून कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा नुसते पृष्ठभागावरचे जंतू येतात. मांसापुरता संसर्ग असेल तर बहुधा एक ते दोन आठवडे औषध पुरतं. हाडात गेला असेल आणि हाड काढलं नसेल तर सहा आठवडे. किडनी अशक्त असेल तर डोस बदलतो, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा.

एक्सरेबद्दल: सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हाडातला संसर्ग एक्सरेत दिसत नाही. म्हणून 'एक्सरे नॉर्मल' एवढ्यावर निश्चिंत राहू नका, जखम भरत नसेल तर पुन्हा काढायला सांगा.

आणखी एक. पाय अचानक लाल, गरम, सुजलेला, पण जखम कुठेच नाही, असं झालं तर ते 'शार्को' असू शकतं. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडतात. संसर्ग किंवा युरिक ॲसिड समजून त्यावर महिनोन् महिने औषधं घेतली जातात, आणि तेवढ्यात पायाची कमान कोसळून तळवा होडीच्या बुडासारखा होतो. त्या पायावर चालणं लगेच बंद करून दाखवायचं.

---

साधाप्रश्न
९ फेब्रुवारी, सायंकाळी ६.००

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो म्हणजे जंतू मरतात ना? आमच्याकडे रोज तेच टाकतात, वरून हळद.

---

डॉ. निशिगंध
९ फेब्रुवारी, रात्री ९.१०

फेस आला म्हणजे जंतू मेले असं नाही. आपल्या रक्तात आणि पेशींत असलेल्या एका घटकामुळे पेरॉक्साइड फुटतं आणि प्राणवायू सुटतो. त्यात जखम भरायला आलेल्या नव्या पेशीही मरतात. सलाइनने धुतलेलं पुरतं. हळदीची पूड जखमेत बसते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. लाली वाढली की कमी झाली, हेच तर आपल्याला बघायचं असतं.

---

भिरंडेची सावली
१० फेब्रुवारी, सकाळी ८.४५

फोंड्याहून लिहितेय. आमच्याकडे टाचेच्या भेगांना कोकमाचं तेल लावतात. त्याचा गोळा आचेवर वितळवून कढत कढतच भेगेत सोडायचा, अशी आजीची पद्धत. आईला शुगर झाल्यावरही तिने तसंच केलं आणि टाचेवर मोठा फोड आला. ती म्हणत राहिली, "काहीच नाही गं, गरम कुठे होतं!" तेलाचा दोष नाही. ते हाताच्या उबेनेही मऊ पडतं, तापवायची गरजच नसते. आता ती अंघोळीनंतर नुसतं चोळते. बोटांच्या बेचक्यात मात्र लावू देत नाही, तिथे ओल राहून चिखल्या होतात.

वजरीसुद्धा मी उचलून ठेवली. लोखंडी वजरीने घासून घासून ती रक्त काढायची.

---

डॉ. निशिगंध
१० फेब्रुवारी, दुपारी १.३०

भिरंडेची सावली, अगदी बरोबर. चिखल्यांना कुणी गंभीरपणे घेत नाही, पण पावसाळ्यात भात लावणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या मधुमेही बायकांचे पाय मी बघतो तेव्हा पायभर पसरलेल्या संसर्गाची वाट चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मधल्या त्या पांढऱ्या, फुगलेल्या भेगेतून गेलेली असते. बेचकं सुती कापडाने टिपून कोरडं करायचं. बुरशी असेल तर मलम डॉक्टरांना विचारून, सांगतील तितके दिवस. जोडवी घट्ट असतील तर काढून ठेवा. बोट सुजलं की जोडवं आवळतं, आणि बधिर बोटाला ते कळत नाही.

कुरूप घालवायच्या पट्ट्या मिळतात, त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते चांगली कातडीही खातं. मधुमेहींनी त्या वापरू नयेत, कुरूप ब्लेडने तासू नये. घट्टा काढायचं काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं, पण ते नियमित करावं. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. गरम पाण्यात पाय सोडून बसणं आणि रबरी पिशवीचा शेक, दोन्ही बंद. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं.

---

पादत्राण
११ फेब्रुवारी, रात्री १०.५०

मी पायाचे पट्टे, कृत्रिम पाय आणि मधुमेहींच्या चपला बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षं काम करतोय. रानजाईताई, काट्याची गोष्ट मी उद्या आमच्या पोरांना वाचून दाखवणार आहे.

चपलेबद्दल विचारलंत. वर मऊ एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. कुष्ठरुग्णांसाठी आपल्या देशात वर्षानुवर्षं तेच वापरतात. त्याचा कडकपणा १५ शोअरच्या आसपास असतो. अंगठ्याने दाबलं तर खाली जातं आणि सोडलं की परत वर येतं, असं हवं. नुसतं मऊ नको, खालचा तळ कडक आणि काटा न घुसणारा हवा. दादांच्या स्लीपरमध्ये वरखाली सगळंच मऊ होतं, म्हणून काटा आरपार आला. आमच्याकडे चिकटवून शिवतात, खिळा मारत नाहीत. खिळा कधीतरी वर येतोच.

मागे पट्टा पाहिजेच. पट्टा नसला की चप्पल धरून ठेवायला माणूस बोटं आवळतो, आणि बधिर पायातली चप्पल रस्त्यात निसटून गेलेली कळत नाही. माझ्याकडे एक काका चप्पल हरवली म्हणून आले होते, घरापासून स्टँडपर्यंत एका पायाने अनवाणी आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. अंगठेदार कोल्हापुरी प्रकार सुंदर दिसतो, पण बेचक्यात घासतो, तो नको. पट्टे रुंद, वेल्क्रोचे, म्हणजे सूज कमीजास्त झाली तर सैल करता येतात.

माप संध्याकाळी द्यायचं, तेव्हा पाय फुगलेला असतो. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा-एक तास, मग काढून पाय बघायचा, लाल डाग पडलाय का. रोज थोडं थोडं वाढवायचं. सहा-आठ महिन्यांनी एमसीआर बसतं, दाबलेलं वर येत नाही, मग बदलायचं. लोक चप्पल फाटायची वाट बघतात. ती फाटत नाही, पण तिचा उपयोग संपलेला असतो.

आणि चप्पल पायात घालायच्या आधी दर वेळी उलटी करून झटकायची, मग आत हात फिरवायचा. आमच्याकडे चपलेत सापडलेल्या वस्तूंची एक बरणी आहे: खडे, खिळे, चिंचोका, एका नातवाच्या गाडीचं चाक. चाक घालून आजोबा दिवसभर फिरले होते.

---

टेम्सकाठी
१२ फेब्रुवारी, पहाटे ३.१५

इंग्लंडमध्ये मधुमेहींच्या दवाखान्यात नर्स आहे. इथे प्रत्येक मधुमेहीचे पाय वर्षातून एकदा तपासायचेच असतात, तक्रार असो वा नसो. १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा (मोनोफिलामेंट) तळव्याला ठरावीक जागी टेकवून डोळे मिटलेल्या पेशंटला विचारायचं, कळलं का? नाड्या बघायच्या, आकार बघायचा. संवेदना गेलेली असेल तर वर्षाऐवजी तीन ते सहा महिन्यांनी, त्याबरोबर पाय वाकडा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, किंवा आधी जखम होऊन गेली असेल तर एक-दोन महिन्यांनी. पायावर नवी जखम दिसली तर एका कामाच्या दिवसात पायांच्या टीमकडे पाठवायचा नियम आहे.

सोलापूरला आईबरोबर गेले की बघते, डॉक्टरांकडे इतकी गर्दी असते की बूट काढायला वेळच मिळत नाही. म्हणून मी आईला सांगितलंय, बाहेर बाकावरच दोन्ही पायांतलं काढून ठेव आणि अनवाणी नाही, घरच्या स्वच्छ सपाता घालून आत जा, आत गेल्यावर पाय वर कर. गेल्या वेळी डॉक्टरांनी स्वतःहून दोन्ही पायांच्या नाड्या बघितल्या.

आणखी एक: ज्यांच्या पायाला एकदा जखम होऊन गेली आहे, त्यांच्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा होते. रानजाई, तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पहिलं वर्ष डोळ्यांत तेल घालून बघा. घरात कोविडच्या वेळचं इन्फ्रारेड थर्मामीटर पडून असेल आणि त्यात पृष्ठभागाचं तापमान मोजायची सोय असेल तर दोन्ही पायांच्या त्याच त्याच जागेचं तापमान रोज मोजा. सलग दोन दिवस एक पाय दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसने किंवा जास्त गरम निघाला तर चालणं थांबवून दाखवा. जखम व्हायच्या आधी जागा तापते.

---

पळसफूल
१२ फेब्रुवारी, सकाळी १०.००

काल दाखवलं. जखम साफ केली, अँटिबायोटिक बंद केलं. पण डॉपलर (पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी) करायला सांगितलं आहे. पाय गार लागतो म्हणाले. हे मिश्री आणि तंबाखू दोन्ही घेतात. चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं, असं वर्षभर म्हणताहेत. आम्ही अशक्तपणा समजत होतो.

---

डॉ. निशिगंध
१२ फेब्रुवारी, दुपारी २.००

ही रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण असू शकते. डॉपलर टाळू नका. घोट्याचं आणि दंडाचं रक्तदाब-गुणोत्तर मधुमेहींत फसवं असू शकतं, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती दबत नाही आणि आकडा चांगला दिसतो. शंका असेल तर पायाच्या बोटाचा दाब मोजतात.

आणि सगळ्यांसाठी: बोट किंवा पाय काढायचा सल्ला मिळाला तर आधी रक्तपुरवठा तपासला का, हे विचारा. अँजिओप्लास्टीने रक्त पोचवता आलं तर कापायचा भाग कमी होऊ शकतो, आणि कापलेलं भरून यायलाही रक्त लागतंच. पण पू साठून विष अंगात चढत असेल तर तो काढायला एक दिवसही थांबता येत नाही. तेव्हा एक बोट देऊन पाय वाचतो. 'कापणं' या शब्दाला घाबरून दोन दिवस पळालेली माणसं नंतर गुडघ्याखालून पाय गमावून बसलेली मी पाहिली आहेत. तंबाखू आजपासून बंद.

---

माळकरी
१३ फेब्रुवारी, रात्री ८.३०

रामकृष्णहरी. वारीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी स्वतः २६ वर्षं वारी करतो, ९ वर्षांपासून शुगर. आळंदी ते पंढरपूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, डांबर तापलेलं किंवा चिखल. मीही अनवाणी चालायचो. दिवेघाट चढल्यावर संध्याकाळी पायाला फोड दिसले आणि मला एकही जाणवला नव्हता, तेव्हा घाबरलो.

आमच्या दिंडीतल्या ज्येष्ठ कीर्तनकारांना विचारलं, चप्पल घातली तर चालेल का? ते म्हणाले, "पालखीत काय असतं?" मी म्हटलं, माउलींच्या पादुका. म्हणाले, "मग तुला पादुकांची लाज कसली?" त्या दिवसापासून पट्ट्याची चप्पल घालतो. मंदिरात जाताना जाड सुती मोजे घालतो, दगड तापलेला असतो. मोजे पांढरे घ्या, रक्त-पाणी लागलं तर लगेच दिसतं, आणि शिवण बाहेर येईल असे उलटे घाला.

पण दादांची जखम आत्ताच भरली आहे. यंदा सबंध वाट चालू देऊ नका, असं मला वारकरी म्हणूनच वाटतं.

---

डॉ. निशिगंध
१३ फेब्रुवारी, रात्री ९.४५

माळकरी, तुमच्या महाराजांना माझा नमस्कार सांगा. मी हे वाक्य माझ्या ओपीडीत सांगणार आहे.

रानजाई, मीही तेच म्हणेन. भरलेली कातडी नवी, पातळ आहे. चालणं दिवसाला थोड्या मिनिटांपासून वाढवायचं असतं. रोजचे पंधरा-वीस किलोमीटर यंदा नकोत.

---

रानजाई
२ जून, सकाळी ७.३०

धागा वर आणतेय.

दादांची एमसीआरची चप्पल झाली. आई रोज रात्री जेवणानंतर त्यांना खाटेवर बसवते आणि टॉर्च लावून तळवे बघते. आधी दादांना संकोच वाटायचा, बायकोने पाय असे हातात घेऊन बघावेत याचा. आता स्वतःच टॉर्च आणून देतात. एप्रिलमध्ये तिला डाव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला मसुराएवढा लाल ठिपका दिसला. दाबल्यावर जाईना. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला गेलो. पट्ट्याची शिवण आतून टोचत होती, एवढंच. पट्टा बदलला, चार दिवसांत ठिपका गेला. गेल्या वर्षी हाच ठिपका आम्ही बघितला नसता.

वारीचा विषय निघाला तेव्हा दादा दोन दिवस बोलले नाहीत. मग माळकरींचं वाचून दाखवलं. पादुकांचं ऐकून डोळ्याला उपरणं लावलं. यंदा दिंडीच्या ट्रकबरोबर पुढे जाऊन मुक्कामाची, स्वयंपाकाची व्यवस्था बघायचं ठरलं आहे.

---

रानजाई
पालखी निघाल्यापासून तिसरा दिवस, रात्री ११.००

आत्ता दादांचा फोन आला होता. आमच्या दिंडीत शुगरवाले अकरा जण निघाले. दादा मुक्कामाला सगळ्यांना ओळीने बसवतात आणि टॉर्चने एकेकाचे तळवे बघतात. आधी लोक पाय मागे घेत होते, हे वयाने मोठे म्हणून. आज एकाच्या टाचेत काचेचा कण सापडला. त्या माणसाला माहीतच नव्हतं, दिवसभर त्यावर चालला होता. दादांनी स्वतः काही काढलं नाही, त्याला वैद्यकीय पथकाच्या गाडीकडे घेऊन गेले. कण निघाला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. उद्या तो ट्रकमध्ये दादांच्या शेजारी बसणार आहे. टॉर्चचे सेल संपत आलेत म्हणाले, सासवडला घेतो.